चादरींच्या मांडवातलं अ‍ॅव्होकाडो

वच्छलाबाईंना कुणी "हे जमायचं नाही" असं म्हटलं, की मग विषयच संपला. ते जमेपर्यंत बाई स्वतः सुखानं जेवायची नाही आणि दुसऱ्यालाही जेवू द्यायची नाही. केम गावच्या केळीच्या बागेत वाढलेली ही पोर लग्न होऊन सोलापुरात आली आणि चादरीच्या कारखान्यात घड्या घालायला लागली. नवरा, सयाजी, अर्ध्यावर साथ सोडून देवाघरी गेला. तेव्हा नातेवाईक म्हणाले, एकट्या बाईला शहरात निभायचं नाही, गावाला चला. झालं! बाईंनी त्याच कारखान्यात केस पांढरे केले, पोराला, दिग्विजयला, शिकवून नोकरीला लावला आणि शहराच्या जुळे सोलापूर भागात तीन खोल्यांचं घर बांधलं. पुढं मोकळं अंगणसुद्धा ठेवलं.

त्या अंगणातच सगळं रामायण घडलं.

सुरुवात केली सुनेनं. दिपालीनं एकदा पुण्याहून अ‍ॅव्होकाडो आणलं. दिग्विजयनं एक फोड तोंडात घातली आणि म्हणाला, "साबण खाल्ल्यासारखं लागतंय." फळ संपलं, बी कचऱ्याच्या डब्यात जायला निघाली. वच्छलाबाईंनी ती वरच्या वर धरली. "अगं बया, लिंबायेवढी बी! टाकतीस काय?" म्हणत त्यांनी ती कुंडीत खुपसली. दिपालीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, की या झाडाला आपल्याकडचं ऊन सोसत नाही आणि थंडी तर त्याहून सोसत नाही, हे सोलापुरात जमायचं नाही. बिचारीला सासूचा स्वभाव अजून पुरता कळला नव्हता.

कुंडीतलं रोप अंगणात आलं आणि त्याचे लाड सुरू झाले. उन्हाळ्यात हिरवी जाळी, बुडाशी उसाचं पाचट, संध्याकाळी पाणी. शेजारचे चन्नप्पा मूळचे मैंदर्गीचे, घरात कानडी बोलणारे, पेन्शनीत निघालेले आणि वेळच वेळ असलेले. ते कुंपणावरून रोज विचारायचे, "येन्री वच्छलाबाई, पोरगी काय म्हणती?" झाडाला ते पोरगीच म्हणायचे. "सासरचं ऊन नको, सासरची थंडी नको. असली लाडावलेली सून कुणी केली असती का?"

"तुमास्नी फळ मागायचं न्हाय बगा," वच्छलाबाई ठणकावायच्या. झाड मात्र उंच उंच होत गेलं, डोक्याच्या वर गेलं, आणि फळाचा पत्ता नाही. अशी वर्षं गेली.

मग घरात गाडी आली. दिग्विजयनं कर्ज काढून, हौसेनं घेतलेली पांढरी गाडी. ती रस्त्यावर उन्हात उभी राहायची आणि तिचा रंग उडेल या काळजीनं दिग्विजयचा रंग उडायचा. गाडीला शेड हवी होती आणि शेडच्या जागेवर नेमकं झाड उभं होतं.

"आई, सावली नाही, फळ नाही. कशाला ठेवायचं?"

त्याचं चुकत होतं असंही नाही. पण त्याच हिवाळ्यात, शेडचं बोलणं चाललं असतानाच, फांद्यांच्या शेंड्यांना पिवळट हिरवा मोहोर फुटला. पहिलाच! वच्छलाबाईंनी साखर वाटायचीच काय ती बाकी ठेवली. आणि पाठोपाठ थंडीची लाट आली. सोलापुरात बर्फ काही पडत नाही, पण उन्हात भाजून निघणाऱ्या या गावाला एखाद्या जानेवारीत असा गारठा धरतो, की पहाटे नळाच्या पाण्याला हात लावायचं धाडस होत नाही.

आता सोलापूरचा माणूस थंडीला काय करतो? चादर काढतो. इथल्या घरात चादरींना कधी तोटा नसतो. लग्नाच्या आहेरात चादर, सत्कारात चादर, आणि वच्छलाबाईंच्या घरात तर कारखान्यातून आणलेल्या डागी चादरींचा ढीग. त्यांनी सगळ्या जाडजूड चादरी काढल्या आणि झाडाला शेंड्यापासून लपेटून टाकलं. वर सुतळीनं आवळलं. मोर, कमळं, चौकडे ल्यालेलं ते झाड बघायला सगळी गल्ली जमली होती.

सकाळी बघतात तर काय, रात्रभर दव पिऊन चादरी ओल्याचिंब झालेल्या. त्या वजनानं एक मोठी फांदी काडकन मोडून खाली आलेली, आणि ओल्या गार कापडाखाली चिकटून बसलेला मोहोर काळा पडलेला. वच्छलाबाई अंगणातच खाली बसल्या. लई वाईट वाटलं त्यांना. आपल्याच हातानं घात केला, हे मनातून जाईना.

दिग्विजयनं मोडलेली फांदी उचलून बाजूला ठेवली आणि तो कामाला गेला. चन्नप्पांनीसुद्धा त्या दिवशी कुंपणावरून थट्टा केली नाही.

पण रडत चादरी सोडवता सोडवता बाईंचा हात थांबला. एका बाजूला कपडे वाळवायचा स्टँड झाडाच्या बुडाशी राहिला होता. तिथं चादर फांदीला चिकटलीच नव्हती. स्टँडवरून थेट जमिनीपर्यंत तंबूसारखी उतरली होती. आणि त्या तंबूतला खालचा मोहोर? टवटवीत! बाईंनी आत हात घातला. बाहेरच्यापेक्षा आत कोमट होतं.

त्या तशाच बसून विचार करत राहिल्या. माणसाच्या अंगात ऊब असते, चादर ती फक्त धरून ठेवते. झाडाच्या अंगात कुठली आलीय ऊब? ऊब मातीत. म्हणून तर केमला दादा, त्यांचे वडील, थंडीत केळीला मुद्दाम पाणी द्यायचे, ओली जमीन दिवसभराचं ऊन धरून ठेवते म्हणायचे. आयुष्यभर चादरी हाताळल्या आणि एवढं कळू नये! स्वतःवरच त्या चिडल्या. ती चिडच कामाला आली.

"दिगू, अजून येक हिवाळा दे," त्या संध्याकाळी वच्छलाबाई म्हणाल्या. "येकच. पुढल्या पावसाच्या आत झाडावर फळ दिसलं न्हाय, तर मी सोता कुऱ्हाड आणून दीन."

"नक्की?"

"तुज्या बापाची शपत."

बापाची शपथ म्हटल्यावर दिग्विजयनं शेडचं बोलणं पुढच्या पावसापर्यंत लांबवलं.

पुढच्या हिवाळ्यात मोहोर दिसताच वच्छलाबाई चन्नप्पांच्या दारात उभ्या. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मांडवाचे बांबू त्यांच्या परसात पडून असायचे. "द्या की ते बांबू. गणपतीला वर्षातनं एकदाच लागत्यात."

"पोरगीचं लग्न काढलं काय? मांडव घालताय?"

"व्हय. तुमी मामा. चला खड्डं काडायला."

आणि चन्नप्पा खरंच आले, सत्तरीचा माणूस धोतर खोचून! झाडाभोवती बांबूंचा सांगाडा उभा राहिला, कुठल्याच फांदीला टेकणार नाही असा. लाट आली तशी बाई दुपारीच आळं भिजवायच्या, उन्हं उतरली की सासू-सुना मिळून सांगाड्यावर चादरी ओढायच्या, कडा जमिनीला लावून विटा ठेवायच्या. सकाळी ऊन आलं की पहिलं काम म्हणजे मांडव उघडायचा, मधमाश्यांना वाट करून द्यायची. गारठ्यानं चन्नप्पांची पपई करपून गेली. मांडवातला मोहोर मात्र ताठ राहिला.

आणि एका सकाळी दिपालीनं पानं बाजूला सारली तर मोहोराच्या जागी हिरवे मणी. ती ओरडणारच होती, बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप! कुणाला बोलायचं न्हाय. पोटुशी बाई कदी गावभर सांगत फिरती का? टिकलं की आपसूक दिसंल."

"पण ह्यांना तरी..."

"त्याला तर मुळीच न्हाय. त्यो लगीच मोजायला बसंल."

बरेच मणी गळले. रोज सकाळी बुडाशी पडलेले उचलून बाई गुपचूप पदरात लपवायच्या. होळी झाली, पाडवा झाला, वैशाखाचं ऊन आग ओकायला लागलं, तशी चादरींच्या जागी हिरवी जाळी आली. दिग्विजय सकाळी कामावर जायचा, रात्री यायचा. जाळीआड काय चाललंय याचा त्याला गंधही नव्हता. शपथ तेवढी पक्की लक्षात होती.

मे संपता संपता एका रविवारी तो वेल्डिंगवाल्याला घेऊनच आला. दिपाली स्वयंपाकघरातून घाबरून बघायला लागली. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातानं उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवून.

"शेड हितंच घ्यायची का साहेब?" वेल्डिंगवाल्यानं विचारलं आणि माप घ्यायला जाळी वर केली.

जाळीआड फळं होती. गर्द हिरवी, चकचकीत, मुठीत मावणार नाहीत अशी. झुबक्यानं लटकलेली. एक फांदी तर ओझ्यानं पार वाकून जमिनीला टेकायला आलेली.

दिग्विजयनं वेल्डिंगवाल्याला हातानंच थांबवलं. त्यानं पुढं होऊन एक फळ हळूच तळहातावर घेतलं, तोडलं नाही, नुसतं तोललं. मागे वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आई, अगं... ही कधी लागली?"

"तुजी नजर गाडीच्या टपावरनं हलंल तवा दिसणार ना!" बाई म्हणाल्या. कुंपणापलीकडून चन्नप्पांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वेल्डिंगवाला टेप हातात धरून ताटकळला होता. "मग शेडचं काय करायचं?"

"शेड राहू दे," दिग्विजय म्हणाला. "ह्या फांदीला लोखंडी टेकू करून दे आधी. आजच."

"आणि गाडी? उन्हातच?"

"उभी राहील तिथंच. तिला कुठं मोहोर येतोय?"

वच्छलाबाई हसल्या, हसता हसता पिठाच्या हातानं डोळे पुसले आणि तोंड पांढरं करून घेतलं. दुसऱ्याच क्षणी त्या वेल्डिंगवाल्यावर गरजल्या, "आन् टेकूच्या टोकाला जुनं टायर लाव रं! साल खरचटली तर गाठ माज्याशी हाय!"