कौलाची दोन फुलं

मी फार श्रद्धावान होतो असं मला म्हणता येणार नाही. रोज देवीला फुलं वाहणाऱ्या घरात वाढलो खरा, पण कॉलेजात गेल्यापासून हात जोडताना माझं मन जरा बाजूला उभं राहून बघायला लागलं होतं. म्हणूनच हा अनुभव लिहिताना संकोच वाटतो. जे घडलं ते घडलं तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं, ते माझं मलाही अजून पुरतं उमगलेलं नाही.

आमचा मळा नाशिकच्या बाहेर, गोदावरीच्या, आमच्या बोलण्यातल्या गंगेच्या, काठाने थोडं खाली गेलं की लागतो. शेवंती, झेंडू, निशिगंध आणि बांधाच्या कडेला भाजी. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. ते मंदीचे दिवस होते, बी. ए. झालेली मुलं कचेऱ्यांच्या दारात ताटकळत असत. मीही वर्षभर अर्ज करत होतो, आणि मग एकाच टपालाने दोन बोलावणी आली. एक मनमाडचं, रेल्वेच्या कचेरीत हंगामी कारकुनाची जागा. दुसरं जबलपूरचं, शेतकी खात्यात कायमची जागा. मनमाडची मुलाखत दुपारी आणि जबलपूरची दुसऱ्याच दिवशी सकाळी. मनमाडला उतरलो, तर पुढची गाडी मला जबलपूरला वेळेवर पोचवणार नव्हती. एक धरायचं म्हणजे दुसरं सोडायचं.

वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शेवंती ते बोटांनी चाचपून तोडत. नाशकातच डोळ्यांचा दवाखाना होता, पण शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते उठून मळ्यात जात. माझ्या आधीची दोन भावंडं लहानपणीच गेलेली. आईला मनमाड हाकेच्या अंतरावर वाटे. जबलपूर हे नाव तिच्या तोंडात नीट बसतही नव्हतं.

"मनमाडाहून शनवारी येशील," ती म्हणे. "तिकडं गेलास तर इथं काय झालं ते तुला कोण सांगायचं?"

"आगं, ती हंगामी हाय," दादा म्हणत. "हंगाम सरला का पोरगं पुन्हा घरी. हे लांब हाय, पण पक्कं हाय."

"पक्कं हाय! पोराचं तोंड तरी दिसतंय का तुम्हाला? तो जवळ हाय का लांब, तुम्हाला सारखंच!"

यावर दादा शेवंतीच्या वाफ्याकडे निघून गेले.  रात्रंदिवस मला एकच प्रश्न पोखरत होता. पोटासाठी किती लांब जायचं? आणि मागे अंधारात चाचपडणारा बाप ठेवून जायचं का?

मळ्याच्या कोपऱ्यात आंब्याखाली आमची देवी आहे. मूर्ती नाही, शेंदराने माखलेला तांदळा, म्हणजे नुसता गोल दगड आहे. घरात मोठा प्रश्न पडला की तिला कौल लावायची आमच्याकडे रीत. दोन फुलं पाण्यात बुडवून तिच्या अंगाला लावायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. कोणतं कशासाठी ते मनात बोलायचं आणि समोर बसून राहायचं. जे आधी गळेल तो तिचा शब्द. निघायच्या दिवशी भल्या सकाळी आम्ही तिघं तिच्यापुढे बसलो. उजवं फूल मी जबलपूरला बोललो, डावं मनमाडला.

बसलो, बसलो. ऊन आंब्याच्या शेंड्यावरून खाली उतरलं. फुलं जागची हलेनात. गाडीची वेळ होत आली. विश्वास नाही असं स्वतःला सांगणारा मी, त्या दोन फुलांवरून नजर काढू शकत नव्हतो. शेवटी दादा पुढे सरकले आणि त्यांनी बोटांनी फुलं चाचपली.

"आगं, शेंदूर लावलास का काय?"

"काल सांजच्याला लावला," आई म्हणाली. "चांगला तेलात कालवून. पोराचं काम हाय, म्हटलं देवी जरा उजळ दिसावी."

"मग झालं! रुतून बसली फुलं. आता कुठली गळतात!"

आईचा चेहरा एवढासा झाला. देवीचं मन राखायला गेली आणि तिचं तोंडच बंद करून बसली, असं तिला वाटलं असावं. दादांनी दोन्ही फुलं हळूच सोडवली. उजवं माझ्या कोटाच्या उजव्या खिशात घातलं, डावं डाव्या.

"मनमाडपोतर वाट एकच हाय," ते म्हणाले. "तिथवर तर जा. तिथं बोलंल ती."

"आन् नाय बोलली तर?" आईने विचारलं.

"तर पोरगं बी. ए. हाय की!"

आई रडता रडता हसली. मला मात्र हसू आलं नाही. टांगेवाल्याने माझ्या खिशांना लागलेला शेंदूर बघून विचारलं, "काय साहेब, मुलाखतीला चालला का नवस फेडायला?" मी खिसे हातांनी झाकून घेतले.

तिकीट मी जबलपूरपर्यंतचं काढलं. त्या तिकिटावर अलीकडे उतरता आलं असतं. समोरच्या बाकावर एक वृद्ध मुसलमान जोडपं होतं. चाचा बऱ्हाणपूरचे विणकर. बायकोच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाशकात उरकून घरी निघाले होते. चाचींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही, रडायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे त्या ताठ, पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. पट्टी बघितली की दादा आठवत.

लासलगाव मागे पडलं आणि मी ठरवून टाकलं. उतरायचं. देवी बोलली नाही, तर आईचं तोंड तरी आठवतंय. मनमाड येताच डबा भराभर रिकामा झाला. मी ट्रंक उचलली. तेवढ्यात चाचा सुरई घेऊन उठले. "बेटा, जरा इनके पास बैठना, मैं पानी ले आऊँ," म्हणाले, आणि माझं होय-नाही ऐकायच्या आत खाली उतरलेसुद्धा. डब्यात आम्ही दोघंच उरलो. चाचींनी हात पुढे करून हवेत चाचपलं आणि माझं उजवं मनगट घट्ट धरलं.

मी खिडकीतून बघत होतो. नळावर झुंबड उडाली होती आणि चाचांची टोपी तिच्यात कुठे दिसेना. घंटा झाली. अजून येतील, आत्ता येतील, असं म्हणत मी दारापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होतो. शिट्टी झाली. मी उठायला लागलो तशा चाचीही माझ्याबरोबर उठू लागल्या.

"आ गये क्या? कहाँ हैं?"

गाडीने हिसका दिला. त्या तोल जाऊन पुढे झुकल्या. मी मोकळ्या हाताने त्यांचा खांदा धरून त्यांना परत बाकावर टेकवलं. फलाट सरकू लागला होता. त्या क्षणी हात सोडवून उडी मारली असती, तर मी मनमाडला उतरलो असतो. पण त्या आंधळ्या पकडीतून हात सोडवणं मला जमलं नाही. ते दादांच्या हातातून हात सोडवण्यासारखं होतं.

"चाची, बैठो. चाचा पीछे के डिब्बे में चढ़े होंगे," मी म्हणालो. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचे ओठ थरथरू लागले. या आता रडणार आणि डोळा जाणार, अशी मला भीती वाटली. काय द्यावं, कशाने थोपवावं? मी खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते फूल त्यांच्या नाकाशी धरलं.

त्यांनी श्वास आत ओढला. "शेवंती है?"

"जी. हमारे मळे की."

"हमारे आँगन में भी है," त्या म्हणाल्या. ओठ स्थिर झाले. एका हातात फूल आणि दुसऱ्यात माझं मनगट धरून त्या नांदगाव येईपर्यंत त्यांच्या अंगणाबद्दल बोलत राहिल्या. मी हूं हूं करत होतो, पण मनात आक्रोश चालला होता. मनमाडची जागा गेली, नांदगावहून दुपारपर्यंत मागे फिरायला गाडीही नव्हती. आता आईला काय सांगू?

नांदगावला चाचा धापा टाकत डब्यात आले. शेवटच्या डब्याला कसेबसे लोंबकळले होते. सुरईतलं अर्धं पाणी त्यांच्या कपड्यांवर सांडलं होतं. बायको शांत बसलेली बघून ते मटकन खाली बसले आणि माझे गुडघे धरून लहान मुलासारखे रडले. "तुम भी तो मत रोओ," चाची पट्टीआडून म्हणाल्या, तेव्हा कुठे आम्ही तिघंही हसलो. मग मी त्यांना दादांचं सांगितलं. चाची म्हणाल्या, "बाबा से कहना, आँख कब काटी, पता भी नहीं चला. बस, डर ही डर था."

बऱ्हाणपूरला ते उतरले. मोकळ्या बाकावर बसून मी कोट झटकला, तेव्हा उजव्या खिशातलं फूल हाताला लागलं. डावा खिसा रिकामा होता: मनमाडचं फूल गेलं होतं, जबलपूरचं उरलं होतं. माझं उजवं मनगट चाचींच्या मुठीत होतं, म्हणून हात डाव्या खिशात गेला, हे मला कळत होतं. तर्काने बघितलं तर त्यात काहीच नव्हतं. तरीही अंगावर काटा आला आणि किती दिवसांनी मी विचार करायचा थांबलो. त्या फुलावर टोपी ठेवून झोपलो.

जबलपूरला साहेबांनी पहिला प्रश्न खिशावरच्या डागाचा विचारला. लपवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. मळा, देवी, आईचा शेंदूर, सगळं अडखळत सांगितलं. बाकीचे प्रश्न मला आता आठवत नाहीत. पुढच्या महिन्यात रुजू होण्याचा हुकूम आला.

त्या महिन्यात मी दादांना दवाखान्यात नेलं. माझ्या सांगण्याने ते कधी आले नसते. चाचींचा निरोप सांगितला तेव्हा म्हणाले, "म्हातारी बाईमाणूस न भिता बसली, आन् मी भितो होय?" पट्टी सुटेपर्यंत आई देवीपाशी बसून होती. या वेळी तिने शेंदूर लावला नाही.

मी निघालो त्या सकाळी आई फुलं घेऊन आली. "कौल लावून बघायचा?" दादांनी नकाराची मान हलवली. जाड भिंगाच्या चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मळ्याच्या कडेपर्यंत, मग टांगा जिथून वळतो त्या वळणापर्यंत.

"कशाला?" ते म्हणाले. "जा तू. आता मला लांबचं दिसतं."

वळणावर मागे वळून पाहिलं, तर ते हात हलवत होते. माझ्याकडे नेमकं बघून.

किती लांब जायचं, याचा हिशेब मी त्यानंतर फारसा केला नाही. उत्तर येत नाही म्हणून जीव घाबरा होतो, तेव्हा दादांचं तेवढं एक आठवतो: पुढची वाट जिथवर एकच आहे, तिथवर तर जावं. तिथे कोणाचा तरी हात येऊन मनगट धरतो. माझं एवढंच मागणं आहे, की तेव्हा माझ्याकडून तो झटकला जाऊ नये.