जमनाची नवरी

जमना गेल्याचा फोन तिच्या आईनंच केला. एरवी फोनला हात न लावणारी म्हातारी. शेजारणीनं नंबर लावून दिला असणार. मी शाळेत प्रार्थनेसाठी पेटी काढत होते. "सुषमा, छोरी गेली. तू ये," एवढंच ती बोलली... पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी पेटी बंद केली, मुलींना वर्गात पाठवलं आणि ऑटोत बसले. रस्ताभर मनात एकच घोळत होतं, की जमनानं जे करायचं ठरवलं होतं, ते करूनच ती गेली. रडू फार नंतर आलं.

यवतमाळच्या एकाच शाळेत आम्ही दोघी नोकरीला. ती चित्रकलेची, मी संगीताची. परीक्षा जवळ आल्या की आमचे दोघींचे तास गणिताच्या सरांना दिले जायचे आणि आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत बसायचो. मैत्री झाली ती अशी. ती घाटंजीकडच्या एका तांड्यातली, बंजारा घरातली. हॉस्टेलात राहून शिकली. स्थळं यायला लागली तेव्हा आईला म्हणाली, "मले चित्रं काढाची हायेत," आणि त्यावरून जी हलली नाही ती नाहीच. मायलेकींचं बोलणं त्या दिवसापासून कामापुरतं उरलं. तैलरंग तिला कॉलेजात भेटले. मी एकदा विचारलं, जलरंग का नाही? म्हणाली, "त्यात एकदा बोललं का बोललं. तेलात भांडता येते."

आणि ती भांडायचीच. चार दिवस रंगवलेलं सुरीनं खरवडून काढायची, खाली उरलेल्या डागाकडे बघत बसायची, त्या डागातून पुन्हा सुरुवात करायची. रविवारी मी पेटी घेऊन तिच्याकडे जायचे. कॅनव्हासवर पहिला हात चालू असताना तिला घरात आवाज चालायचा नाही, भांड्याचासुद्धा नाही. दुसऱ्या थराला म्हणायची, "आता वाजव. शब्द नको, नुसता सूर दे." मी भीमपलास धरला की ब्रश लांब चालायचा, मधेच म्हणायची, "तिथंच थांब ना, कायले पुढं गेली?" मग मी तो गंधार धरून ठेवायचे आणि ती त्या एका सुरावर जांभळ्यात राखाडी मिसळत राहायची. चित्र होत आलं की हात वर करायची. "बस. आता थेच बोलून राह्यलं." तिच्या चित्राला मी काय दिलं ते मला कधी कळलं नाही. मला मात्र एका सुरावर थांबायला तिनं शिकवलं.

आईचे गुडघे गेले तेव्हा जमनानं तिला तांड्यावरून यवतमाळला आणलं. म्हातारी आली, पण रुसवा सोबत घेऊन आली. त्याच सुमारास जमनाच्या डोक्यात ते चित्र शिरलं. बंजाऱ्यांत सासरी निघालेली नवरी आईच्या, मावश्यांच्या गळ्यात पडून जे म्हणते त्याला ढावलो म्हणतात. ते पुरतं गाणं नाही आणि पुरतं रडणंही नाही. बायका नवरीला तो आधी शिकवतात. जमनानं लहानपणी तो लांबून ऐकला होता, पण तिला कुणी शिकवला नव्हता. तिला तेच रंगवायचं होतं. बायकांचे घोळके रंगवले, खरवडले. मोबाइलवरची रेकॉर्डिंगं ऐकली आणि वैतागून बंद केली. शेवटी आईसमोर बसली. "याडी, एक डाव म्हन ना." आई म्हणाली, "ढावलो असाच म्हनत नाईत. घरातून पोट्टी निंघाली पाह्यजे. तू तं निंघालीच नाई, मी कोनाले म्हनू?" जमना उठली आणि ब्रश धुवायला गेली. मी पेटीच्या पट्ट्यांकडे बघत बसले.

मग तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं. त्यासाठी घरून निघताना, गाडीत बसण्याआधी ती पुन्हा आईकडे वळली होती. "आता निंघून राह्यली मी. आता तं म्हन." म्हातारीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू वापस येनार हायेस. म्हनत नाई मी."

ती परत आली, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी आराम सांगितला होता. जमनानं कॅनव्हास खाटेवर आडवा टाकला, समोर स्टूल घेतलं आणि कोपरापासून हात चालवायला लागली. उलट्या व्हायच्या, टर्पेंटाइनचा वास सोसायचा नाही. मग नाकाला ओढणी बांधून रंगवायची. मी म्हटलं, "अगं, ढावलो तर ऐकलाच नाहीस तू." म्हणाली, "नाई आयकला तं नाई. मी काय तेवढ्यासाठी बसून राहू?" यावेळी तिनं घोळका काढला नाही. एकटी नवरी काढली. लाल ओढणी, ओठ मिटलेले, नजर बाजूला.

एका दुपारी चित्र भिंतीला टेकवून उभं केलं होतं. म्हातारी भिंत धरत धरत आली आणि समोर जमिनीवर बसली. बराच वेळ पाहत राहिली. "ही कोन?"

"कोनी नाई, याडी. नवरी हाये."

"अन् अशी मुकी काहून? हिले शिकवलं नाई का कोनी?"

म्हातारीनं पदर डोक्यावर ओढला आणि त्या रंगवलेल्या पोरीकडे बघत पहिली ओळ म्हटली. आवाज फाटका होता, पण सुटला तो सरळ सुटला. मी सवयीनं पेटीकडे हात नेला आणि मागे घेतला. तो सूर माझ्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता. ओळ संपवून म्हातारी थांबली. शिकवणारी थांबते तशी... नवरीनं मागून म्हणावं म्हणून. तेव्हा जमनानं ती ओळ म्हटली. हातात ब्रश तसाच. म्हातारीनं मान वळवली नाही. दुसरी ओळ दिली. जमनानं तीही घेतली. मग स्टूल पुढे ओढून तिनं नवरीचे मिटलेले ओठ सुरीनं खरवडले आणि आई म्हणत असताना, आपण म्हणत असताना, पुन्हा रंगवायला बसली. माझ्यासमोर तिनं हात वर करून "बस" म्हटलं नाही, असं ते एकच चित्र.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण सांगायचं ते नीट सांगून गेली. मुंबईच्या गॅलरीचं कुणी चित्र मागायला आलं तर थांबवायचं. चित्र आधी तांड्यावर न्यायचं, बायकांनी बघायचं, मग पुढचं.

मी परवा टेम्पोचं बोलायला गेले तर म्हातारी नाही म्हणाली. जवसाच्या तेलातला जाड रंग महिनोन्‌महिने वाळत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. रोज सकाळी ती ओढणीच्या कडेला करंगळी लावून पाहते. "अजून वली हाये. वल्या अंगानं पोट्टी कशी धाडू?" आणि नवरी घरात आहे तोवर म्हणायला हरकत नाही, म्हणून रोज दुपारी चित्रासमोर बसून ढावलो म्हणते. निघायच्या दिवशी एकटीच्या आवाजानं भागायचं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून रविवारी मी तिच्या शेजारी बसते, पेटी न घेता. तिसऱ्या ओळीला माझा सूर अजून चुकतो. म्हातारी करंगळीचा लाल रंग पदराला पुसते आणि म्हणते, "पुन्यांदा घे."