उभ्यानं केलेली नोकरी

माझी कंबर दुखायला लागली ती निजामाच्या राज्यात. राज्य गेलं, दुखणं काही गेलं नाही! "कंबर कशी हाय?" म्हणून कुणी विचारायला येतं आणि जाताना कचेरीतले चार किस्से ऐकून जातं. दुखणं जुनं झालं की घरात औषधांपेक्षा गोष्टीच जास्त साठतात.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत कारकून होतो. पाच महिने अंथरुणात काढले. डॉक्टर म्हणाले, "हे आता असंच राहणार." म्हटलं, मग घरी कशाला राहू? आणि कामावर हजर झालो.

*

आम्ही कारकून सतरंजीवर मांडी घालून बसायचो. खुर्च्या दोनच, तहसीलदारांची आणि पेशकारांची. मांडी घातली की माझ्या कमरेतून पोटरीपर्यंत कळ जायची. मी दप्तराच्या दोन पेट्या एकावर एक ठेवल्या आणि उभ्यानं लिहायला लागलो.

पेशकार म्हणजे आमच्या डोक्यावरचे साहेब. ते भडकले. "बैठ नहीं सकते तो नौकरी छोड दो!"

"लिखने को हात लगता साहब, कमर नई!"

त्या दिवसापासून मला काढायचंच, हे त्यांनी मनावर घेतलं.

*

ताडकळसचा एक शेतकरी नक्कल घ्यायला दोनदा आला. दोन्ही वेळा मी उभाच. हळू आवाजात म्हणाला, "मुन्शीजी, किती दिवस उभं ठेवायलेत तुमाला? काय गुन्हा केलाव?"

"पेन्शनीपर्यंत शिक्षा हाय!"

बिचारा पेशकारांना लवून सलाम करून घाईघाईनं बाहेर पडला.

*

मोठे साहेब येणार असले की शेरवानीवर बगलूस, म्हणजे रुंद कमरपट्टा, बांधायची पद्धत होती. तो आवळून बांधला की कमरेला आधार मिळतो, असा मला शोध लागला. एका साध्या मंगळवारी मी तो बांधून आलो. झालं! मला पाहून कुणी सतरंज्या झटकायला लागलं, कुणी दौती पुसायला लागलं. पेशकार शेरवानी घालायला घरी पळाले.

दुपारपर्यंत सगळे दाराकडे डोळे लावून ताटकळले. शेवटी पेशकारांनी विचारलं, "कौन साहब आ रहे?"

"कोई नई. मेरी कमर को पट्टा होना था."

*

मारोती चपराशी पायाळू होता, म्हणजे पायाकडून जन्मलेला. पायाळूनं लाथ मारली की कंबर सुटते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मारोती काही ऐकेना. "मुन्शीजी, तुमाला लाथ कशी मारू?"

म्हटलं, "ड्यूटी समजून मार!"

त्यानं तीन मारल्या. तिसरीला पेशकार दारात! "ये क्या हो रहा है?"

मारोतीची बोबडी वळली. "सायेब, यांनीच सांगितलं... तुमाला बी मारू का?"

मला गुण आला नाही, पण त्या आठवड्यात कचेरीत कुणाचं कामात लक्ष नव्हतं.

*

थंडीत कळ यायची तेव्हा मी भिंत धरायचो. कधी कधी रडूही आलं, खोटं कशाला बोलू? बायको म्हणाली, "अहो, सोडून द्या की ती नोकरी. पडून राहा घरी."

"घरी पडलो तरी दुखणारच. फुकट दुखण्यापेक्षा पगारी दुखू दे!"

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनंच पट्टा आवळून दिला.

*

शेवटी पेशकारांनी रिपोर्ट लिहिलाच. कमरेच्या आजारामुळे कारकून नाकाबिल, कामावरून कमी करावं. तपासणीला जिल्ह्याहून बडे साहेब आले, तेव्हा पेशकारांनी तो कागद त्यांच्या हातात ठेवला. नोकरी आज जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. मनात म्हटलं, जायचीच असेल तर ताठ मानेनं जाऊ दे.

सगळ्यांनी वाकून सलाम केला. मला वाकता येत नव्हतं. मी सरळ उभा राहून हात कपाळाला लावला. पेशकार मात्र जमिनीला हात टेकेल इतके लवले, आणि तिथंच राहिले! कमरेत उसण भरली. वर येता येईना, तोंडातून शब्द फुटेना.

साहेबांनी कागदावर नजर टाकली. वाकलेल्या पेशकारांकडे बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "इस बेचारे को कब से है?"

"आज पैलाच दिन है हुजूर," मी म्हटलं. "आदत हो जाती."