लामेकोनं हात वर केला

लामेको माझ्या थोरल्या चुलतबहिणीचा, तिलेसाचा नवरा. खासदार व्हायच्या आधी तो मासे धरायचा, चर्चमध्ये भरदार आवाजात गायचा आणि सभेत कधी तोंड उघडायचा नाही. त्याचा मुलगा काइसामी बुडाला, तेव्हापासून बोलायला लागला.

तुवालूतल्या आमच्या या बेटाला धक्का नाही. जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं. माणसं, तांदळाची पोती, आजारी म्हाताऱ्या, सगळं होडीत घालून प्रवाळाच्या खडकातल्या अरुंद फटीतून आत आणायचं. ती होडी काइसामी चालवायचा. एका लाटेनं ती उलटली. बाकीचे वाचले.

"तो खडक फोडून वाट रुंद करा," एवढंच मागणं घेऊन लामेको निवडणुकीला उभा राहिला. सगळ्या बेटानं त्याला डोळे झाकून मतं दिली.

आमच्याकडे पक्ष नसतात. निवडून आलेले मूठभर लोक जिकडे झुकतील, तिकडे सरकार. म्हणून निघताना थोरल्यांनी त्याला मनेआपात, आमच्या सभाघरात, बजावलं होतं, "पंतप्रधान आपले सोयरे आहेत. त्यांची साथ सोडायची नाही." लामेकोनं मान डोलावली होती.

राजधानीत तो वाटेचं विचारत राहिला आणि पंतप्रधान "पुढच्या वर्षी बघू" म्हणत राहिले. शेवटी विरोधकांपैकी एक जण म्हणाला, "आमच्याकडे ये. पहिला सुरुंग तुझ्या बेटावर." अविश्वासाच्या ठरावाला लामेकोनं हात वर केला. सरकार पडलं.

तो परत आला तेव्हा किनाऱ्यावर तिलेसाशिवाय कुणी नव्हतं. मनेआपात थोरल्यांपैकी वालोआ आजोबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "शब्द दिला होतास ना रे? का तो विकून आलास?"

"विकला नाही, आजोबा. वाट मागितली."

"वाट मागितलीस आणि आमचं नाक कापलंस! राजीनामा दे."

"वाट होऊ दे. मग देतो."

त्या दिवसापासून त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. खडक फोडायचं यंत्र आलं खरं, पण ते उतरलं नव्या मंत्र्याच्या बेटावर. लामेको त्याच्या दाराशी जाऊन बसायचा. "जरा दम धर की!" मंत्री म्हणायचा. दम धरता धरता मुदत संपली.

तो पुन्हा उभा राहतोय असं कळलं, तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, नका उभे राहू. लोक पाठ फिरवतील."

"फिरवलीच आहे की," तो हसला. "आता आणखी कुठं फिरवणार?"

मतमोजणी मनेआपातच झाली. एकेक चिठ्ठी उघडून नाव मोठ्यानं वाचत होते. लामेकोचं नाव इतक्या क्वचित आलं, की आलं म्हणजे बायका तोंडावर हात धरून हसायच्या. तो शेवटपर्यंत बसून होता.

घरी तिलेसानं त्याच्यापुढं उकडलेला कंद आणि मासा ठेवला. मी तिथंच होते.

"मीपण तुम्हाला मत नाही दिलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"माझ्या भावांना इथंच राहायचंय. मलाही."

"बरं केलंस. दोघांनी वाळीत पडून काय मिळवायचं?"

ती रडायला लागली. तो मान खाली घालून जेवत राहिला.

आता तो चर्चमध्ये मागं बसतो, गात नाही. मासेमारीला एकटाच जातो. आणलेला मासा कुणी घेत नाही, मग तिलेसा तो चिरून उन्हात वाळवते. दोन माणसांना लागतं तरी किती? उरलेला डुकरांना जातो.