हॉटेल दर्या, अकोला रोड

देवमनच्या हॉटेलात माणसं येत नव्हती असं नाही. यायची, पंख्याखाली बसायची, गार पाणी प्यायची आणि विचारायची, "देवमनभाऊ, आमी दिवाळीनंतर मालवणले चाललो. तिकडं मच्छी खायले हॉटेल कोनतं चांगलं?"

आणि देवमन सांगायचा. न सांगून करतो काय! तिवशाच्या भाजीवाल्या माळ्याचा हा पोरगा, संत्र्याच्या ट्रकवर बसून कोकणात गेला तो तिथल्या एका खानावळीतच चिकटला. आधी ताटं विसळली, मग वाढपी झाला, मग चुलीपाशी पोचला. किनाऱ्यावरची चूल न् चूल त्याला पाठ. "मालवणात जेट्टीजवळ मावशीची खानावळ हाये, तिथं बांगडा खाजा. देवगडले बंदराच्या चढावर एक पत्र्याची टपरी हाये, बोर्ड-गिर्ड काई नाही, तिथं तिसऱ्या. तारकर्लीले चकाचक हॉटेल दिसन, पन तिथं जाऊ नोका, थे फ्रीजमधलं देतेत."

गिऱ्हाईक हे सगळं मोबाईलमध्ये भरून घ्यायचं आणि उठायचं.

"अन् इथं नाही खात का भाऊ? सुरमई हाये आज."

"इथं?" गिऱ्हाईक असं हसायचं, जणू देवमन चिखलदऱ्याच्या कड्यावर बसून होड्या विकतोय. "इथं काहून? समुद्र त तिकडं हाये ना!"

बडनेरा ओलांडून अकोल्याकडे निघालं की डाव्या हाताला हे ‘हॉटेल दर्या’. पाटीवर निळ्या लाटा आणि एक मासा. मासा असा, की रंगवणाऱ्यानं जन्मात फक्त म्हशीच पाहिल्या असाव्यात. माल मुंबईहून बर्फाच्या पेट्यांत रेल्वेनं यायचा. पेटी उघडली की हॉटेलाच्या मागे खारट वास पसरायचा आणि साधना क्षणभर डोळे मिटून उभी राहायची.

साधना म्हणजे देवमनची बायको. मालवणची, खानावळवाल्याची पुतणी. लग्नाआधीच तिनं बजावलं होतं, "माका तुमच्या गावाक येऊक हरकत नाय. पण जेवण माज्या आवशीचां, तसांच होतलां. त्यात कोणी हात घालूचो नाय. ज्या दिवशी घातल्यात, त्या दिवशी मी माज्या घराक." आवस म्हणजे आई, एवढं देवमनला तोवर कळत होतं. तिवशाच्या घरात तिला करमलं नाही. तिची बोली सासूला कळेना, सासूची तिला. तेव्हा देवमननं हे हॉटेल काढलं, खरं तर तिला राहायला एक चूल हवी म्हणून. हॉटेल चालो न चालो, ती राहायला हवी होती.

पण वऱ्हाडाची जीभ! रश्शावर बोटभर लाल तेल तरंगलं नाही तर इथं त्याला रस्सा म्हणत नाहीत. त्या तेलाला तर्री म्हणतात, आणि पाहुण्याच्या वाटीत दुसऱ्यांदा तर्री न ओतणारा माणूस गावभर कंजूस ठरतो. साधनाचं कालवण खोबऱ्याचं, केशरी, कोकमानं आंबटसर. समोरचा सिमेंट पाइपवाला रामराव शेजारधर्म म्हणून यायचा आणि वाटीत वाकून बघायचा, विहिरीत बादली पडल्यासारखा.

"काय गा देवमन, बाई करते झकास. पन हे पाहून असं वाटते का घरात कोनी बिमार हाये. तर्री कुठं गेली?"

एकदा त्यानं बांगड्यातलं तिरफळ कडाकडा चावलं. "अबे, माही जीभ झोपली ना! काय टाकलं बाईनं, भुलीचं औशद?" आतून साधनाचा आवाज आला, "तां चावूचां नसतां, बाजूक काढूचां!" सगळे हसले. साधनाही हसली, पण रामरावाचं उरलेलं ताट उचलताना तिनं त्यातली कालवणाची वाटी उगाच तिरपी करून पाहिली.

अशात अकोल्याचे खुशालराव आले. पोरीचं लग्न जमलेलं, सोयऱ्यांना जेवू घालायचं होतं. "मटन त कोनीबी खाऊ घालते. मी सोयऱ्यायले समुद्र खाऊ घालतो! रविवारी अख्खं हॉटेल माहं."

त्या रविवारी साधना पहाटेपासून खोबरं वाटत होती. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. देवमन तिच्याकडे बघत कांदे चिरत होता आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याच्या नावावर खपवत होता.

पंगत बसली. वाट्या आल्या. थोरल्या सोयऱ्यानं वाटीत चमचा फिरवला. फिरवतच राहिला. मग वाटी नुसती हातात धरून बसला. बोलला काहीच नाही. वऱ्हाडात न बोललेला सोयरा बोललेल्यापेक्षा वाईट.

खुशालराव घामाघूम होऊन देवमनकडे धावले. "माही इज्जत गेली ना बे! मानूस वाटी धरून बसला. तर्री आन, कुठूनबी आन!"

साधना मागच्या अंगणात सुरमईच्या तुकड्या तळत होती. देवमननं एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं. मग शेजारच्या ढाब्यावर पळाला, मटणाच्या पातेल्यावरची तर्री भगुणंभर आणली आणि कालवणात ओतली. आजच्या दिवस, फक्त आजच्या दिवस, असं तो पुटपुटत होता.

"वा रे पठ्ठे! आता आला समुद्राले रंग!"

"वाढा, अजून वाढा!"

"अहो, ह्या माऊलीले बाहेर बलवा, काय हात हाये!"

साधना तुकड्यांचं ताट घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या मिशा लाल, बोटं लाल. तिनं ताट ठेवलं, पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"अवो, ह्यां कोणी केल्यान?"

"मीच," देवमन म्हणाला. "सोयरे होते ना. आजच्यापुरतं."

खुशालराव मध्येच हात जोडून म्हणाले, "बाई, साखरपुड्यालेबी असीच भाजी पायजे बरं! हेच, जसंच्या तसं!"

तिनं पंगत शेवटपर्यंत वाढली. मागेल त्याला तर्रीही वाढली. दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर देवमन तिची पिशवी धरून उभा होता. ती सोडवेना.

"भांडून त जाय," तो म्हणाला.

"कोणाशी भांडू? तुमचां हाटेल आता चालतलां."

आणि चाललं. खुशालरावांनी अकोल्यात डांगोरा पिटला, रामरावानं अमरावतीत. रविवारी बाहेर गाड्या लावायला जागा पुरेना. पेट्या येत, देवमन स्वतः उघडे, तोंड फिरवून. तिला तो रोज फोन लावायचा. ती उचलायची नाही.

एका रविवारी भर गर्दीत तिनं उचलला.

"बरी हायेस ना?" देवमन चुलीपासून दूर, अंगणाच्या कोपऱ्यात गेला. "ये ना साधना. तुही चूल हाये हे."

 पलीकडे कुणीतरी कोळीण भाव करत होती.

"आज काय केल्यात?" तिनं विचारलं.

"सुरमई."

"कशी?"

देवमननं दारातून आत पाहिलं. "तुह्यासारखीच," तो म्हणाला. "आवशीची, तशीच. एक थेंब नाही टाकला."

आतून रामरावाचा खणखणीत आवाज आला, "ओ देवमनभाऊ! कुठं मेले? इकडं तर्री आना ना, वाटी सुकून राहिली!"

 पलीकडून कोळणीचा आवाज तेवढा अजून येत होता. मग तोही बंद झाला. देवमन फोन कानाला तसाच लावून उभा राहिला.

"देवमनभाऊ, तर्री!"

"आलो," तो म्हणाला, आणि भगुणं घेऊन आत गेला.