तळघराच्या जाळीला कुलूप

बटाट्यांच्या वखारीत त्यांना सगळे दिवाकाका म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त. तळघराच्या तोंडावरची लोखंडी जाळी उघडली की काका आधी दोरीला बांधलेला कंदील खाली सोडत. ज्योत टिकली, तरच शिडीवर पाय. हमाल म्हणत, "काका, बटाटे उठलेत का बघा, चहा पाठवतो."

तरुणपणी शेतकी शाळेतल्या एका मास्तरांनी सांगितलेलं काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हिरवं पान उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. पण श्वास एकट्या पानाचा नसतो. मूळ, बी, कंद, जे जे जिवंत ते दिवसरात्र ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. पोत्यातला बटाटाही जिवंतच. त्याला पान नाही, तळघरात ऊन नाही. तो नुसता घेत राहतो. उकाड्यात तर दुप्पट.

"म्हणजे आपल्या मालकांसारखा!" जावई म्हणायचा. तो तिथेच मुकादम होता. हसरा, अंगापिंडानं भक्कम. काकांना एकच मुलगी, आणि तिनं स्वतः पसंत केलेला हा माणूस काकांनाही मनापासून आवडायचा.

त्या उन्हाळ्यात तळघराच्या पंख्याचा पट्टा तुटला. चार दिवस हवा खेळली नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी ट्रक दारात येऊन उभा राहिला. काकांनी कंदील सोडला. निम्म्या शिडीपर्यंत गेला आणि ज्योत फुंकर मारल्यासारखी विझली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला.

"आज कुणी उतरायचं नाही," काका म्हणाले. "आधी पंखा लावा."

मालक घड्याळ बघत म्हणाले, "कंदिलातलं तेल संपलं असेल."

"मामा, पाच पोती वर देतो आणि येतो," जावई सासऱ्याला म्हणाला. "बटाटे काय चावतात?"

"जावईबापू, तुमच्या पाया पडतो, उतरू नका."

जावई हसला. चार पायऱ्या उतरेपर्यंत तो बोलत होता. सातवीला त्याचे हात सुटले.

दोघे हमाल भाऊ आरडाओरडा करत शिडीकडे धावले. त्यांच्याआधी काकांनी जाळी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून जाळीवर पालथे पडले. उतरेल तो मरेल, हे त्यांना ठाऊक होतं. खालून घरघर ऐकू येत होती.

"म्हाताऱ्या, किल्ली दे! तुझा जावई आहे तो!"

"फायर ब्रिगेडला बोलवा. त्यांच्याकडे श्वासाला हवेची नळकांडी असतात."

भावांनी लाथा घातल्या. थोरल्यानं मूठ उघडायला काकांची दोन बोटं मोडली. मूठ उघडली नाही. मग खालची घरघर थांबली. काकांचा कान जाळीलाच होता.

बंब पंचवीस मिनिटांनी आला. पाठीवर नळकांडी बांधलेली माणसं उतरली आणि त्यांनी जावयाला वर आणलं. त्यांच्यातला एक जण काकांकडे बघून म्हणाला, "बरं केलंत. नाहीतर तीन काढावे लागले असते." हे ऐकायला तेव्हा मुलगी तिथं नव्हती.

ती संध्याकाळी आली. "कुलूप तुम्ही लावलंत?"

"हो."

"तेव्हा ते श्वास घेत होते?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. "हो," ते म्हणाले.

"किती वेळ?"

"आठ-दहा मिनिटं असतील."

ती तशीच मागे वळली. तेराव्यानंतर दोन्ही लेकरांना घेऊन सासरच्या गावी निघून गेली. मालकांनी चौकशीत एवढंच सांगितलं, की जाळीला कुलूप ह्या कामगारानं घातलं. विझलेल्या कंदिलाबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. काकांची नोकरी गेली. मुलीला लिहिलेली पत्रं न फोडता परत येत राहिली.

वर्षभरानं थोरला हमाल काकांच्या खोलीवर आला. थोडी प्यायलेला होता. भिंतीला टेकून बराच वेळ रडला.

"काका, त्या दिवशी मला जाऊ दिलं असतंत, तर मी वाचवला असता त्याला. रोज वाटतं."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. धडधाकट माणूस, घरी बायको, तान्ही पोर. खरं सांगितलं, तर मोडलेल्या बोटांचं ओझं ह्याच्या डोक्यावर जाईल.

"हो रे बाबा," ते म्हणाले, "वाचवला असतास."

तो मान हलवत उठला आणि जाताना दारातच थुंकला.