उकळलेल्या पाण्याला विसण

आमच्या घरात पिण्याचं पाणी उकळण्याचं खातं माझ्याकडे होतं आणि कावीळ झालेला घरातला एकमेव माणूसही मीच.

त्या उन्हाळ्यात महाळुंगे पडवळजवळच्या आमच्या वस्तीवर नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि शेजारचे दोघे पिवळे पडले. मी मंचरला वार्ताहर. ‘पाणी उकळून प्या’ ही बातमी मीच दिली होती (चौकटीसह!). त्यातच धाकटी बहीण वैशाली बाळंतपणाला माहेरी आलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “पाण्यातून होणारी ही कावीळ, हिपॅटायटिस ई, गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.”

“तू बाळाकडं लक्ष दे,” मी वैशालीला म्हणालो. “पाण्याचं मी बघतो!”

रोज सकाळी मी भलं मोठं पातेलं चढवायचो. पाणी खळखळल्याशिवाय हटायचो नाही.

“पाणी उकळतुयास का पाया शिजवतुयास?” आमचे वडील, आप्पा, विचारायचे.

“आरोग्य आहे, आप्पा!”

अडचण एकच होती. मला कामावर निघायची घाई आणि पातेलं निवायला तयार नाही. मग मला आंघोळीची बादली आठवली. कढत पाण्याला आपण काय करतो? विसण घालतो! टाकीतल्या गार पाण्याचे तांबे ओतले. पाणी बेताचं झालं. इतकी साधी युक्ती बातमीत कशी सुटली, याचं मला वाईट वाटलं!

“दादा, आरं ते टाकीतलं...” वैशाली म्हणाली.

“बाळाकडं लक्ष दे!”

काही आठवड्यांनी माझी भूक मेली, लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डोळे पिवळे पडले.

“तळेघरला माळ घालून कावीळ उतरवत्यात,” आप्पा म्हणाले. मी बाणेदारपणे डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

“पाणी उकळून पिता ना?”

“मी स्वतः उकळतो!”

“आणि गार कसं करता?”

“विसण घालतो. टाकीतलं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “वैशालीलाही हेच पाजलंत?”

मी घरी कसा पोचलो, ते मला सांगता येणार नाही. दारातूनच ओरडलो, “वैशे, माझं पाणी पिऊ नको!”

“पीत व्हतं कोण?” आई तांदूळ निवडत म्हणाली.

“पहिल्याच दिशी बघितलं मी तुला तांबे वतताना,” वैशाली म्हणाली. “सांगाय गेले, तर बाळाकडं लक्ष दे! मग आमी येगळं उकळून झाकून ठिवायला लागलो.”

“आणि मला तसंच सोडलं?”

“तुझी बाटली रोज बदलून ठिवायचे की! तू म्हनायचास, हे शिळं हाय. आन् वतून तुझं भरायचास.”

तरीही सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. वैशालीचा रिपोर्ट स्वच्छ आला, तेव्हा मी अंथरुणावर पडल्या पडल्या पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पुढे तिला मुलगी झाली. दोघी खणखणीत.

त्या अंथरुणावरूनच मी आप्पांना विचारलं, “मग मी उकळलेलं ते पातेलंभर पाणी रोज जायचं कुठं?”

“म्हशीला ठिवायचो,” आप्पा म्हणाले. “पर ती बी हुंगून तोंड फिरवायची, राव. शेवटी अळवाला वतलं.”

म्हशीनं माझी बातमी वाचलेली नव्हती, तिच्यात आणि माझ्यात एवढाच काय तो फरक!